राखणदाराची चाल

बाबांची भाषा गेली मार्चातल्या एका मंगळवारी,
दाढी करताना. आरशात अर्धा चेहरा साबणाचा.
दवाखान्यातली पोरगेलीशी डॉक्टरीण म्हणाली,
कळेल सगळं, पण शब्द सापडणार नाहीत.
जणू शब्द म्हणजे किल्ल्यांचा जुडगा,
उशीखाली बघितलं की झालं.

पाणी हवं तर ‘ते.’
दिवा मालव, ‘ते.’
माझं नाव, जुसेलिया, तेही ‘ते.’
उजवा हात जिथं ठेवावा तिथं राहायचा.

चाळीस वर्षं या हातांनी
दोना झुल्मिराच्या अंगणात अताबाकी घुमवला.
नोव्हा इग्वासूच्या त्या चढावर, दर शुक्रवारी,
त्याच्या थापेवर माणसांच्या अंगात यायचं:
चिलीम ओढणारे काळे आजोबा, साखळदंड भोगलेले,
रानातले तिरंदाज,
आणि सगळ्यांच्या आधी तो, फाटकावरचा,
ज्याला विचारल्याशिवाय कुणी आत येत नाही, बाहेर जात नाही.

मी एकोणिसाव्या वर्षी ती वाट सोडली.
सुपरमार्केटच्या वरच्या हॉलात पास्टर म्हणाले,
त्या गाण्यांत सैतान बिऱ्हाड करून आहे.
तेव्हापासून बाबांचे पांढरे कपडे
मी वेगळ्या बादलीत धुते.
आम्ही भांडलो नाही कधी. बादल्या होत्या दोन.

मग एका रात्री वाऱ्यानं फाटकाची कडी वाजली
आणि अंधाऱ्या खोलीतून, एकही अक्षर न सांडता:

    फाटकाशी उभा कोण? मी उभा, मी उभा.
    कुत्रं भुंकलं, थांब म्हटलं, मी उभा, मी उभा.

हातातली ताटली तशीच धरून मी दारात.
बाबा, काय म्हणालात?
‘ते.’

तेव्हापासून गाणी आमचा शब्दकोश.
तहान लागली की नदीच्या बाईचं गाणं.
खिडकी उघड, तर तिरंदाजांचं.
गुडघा ठणकला की आजोबांचं,
ज्यात सतापाची डहाळी कानामागे खोचलेली असते.
हॉलातल्या देवाची क्षमा मागत
मी पाण्याचा पेला भरायचे, खिडकी उघडायचे.
माझ्यासाठी मात्र गाणं नव्हतं.
मी समोर आले की ते नुसते बघत.

जूनमध्ये त्यांना चढावर नेलं. खुर्ची मी ढकलली,
पण फाटकाच्या आत गेले नाही.
बाहेर त्याची खोपटी, गुडघ्याएवढी,
काळी-लाल मेणबत्ती, कशासाचा पेला, कुणीतरी विझवलेला चुरूट.
मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले.
मग वाटलं, हे बरं दिसत नाही. कडेला सरकले.

आत डाव्या हाताची थाप पडली. लंगडी, पण त्यांचीच.
त्याचंच गाणं. पहिलं कडवं, दुसरं,
आणि तिसरं, जे मी कधी ऐकलंच नव्हतं,
मी गेल्यानंतर जोडलेलं:

    टोलनाका, रात्रपाळी, जुसेलिया एकटी,
    दांडा उचल, दांडा पाड, मी उभा, मी उभा.

तीस-चाळीस गळे. शाळकरी पोरं.
एक फळवाली, जिला मी ओळखतही नाही,
डोळे मिटून माझं नाव घेत होती.
बावीस वर्षं घेत होती म्हणे.
पोरांना वाटायचं, जुसेलिया कुठली तरी संत.

आणि त्या सगळ्यांच्या तळाशी एक खरखरीत आवाज,
ज्याला माझं नाव येत होतं,
फक्त तिथं, त्या चालीत, त्या ओळीपुरतं.

रविवारी मी हॉलात गेले. जाते अजून.
घरी आल्यावर कधी विचारते, बाबा, मी कोण?
‘ते.’
मग पहिलं कडवं धरते, हळू, बेसूर,
आणि तिसऱ्याची वाट बघते.

परवा घाई होती, सगळं एकाच बादलीत टाकलं.
टोलनाक्याच्या माझ्या निळ्या शर्टाचा रंग लागला.
शुक्रवारी दोना झुल्मिरानं चष्मा पुसून पाहिलं:
क्लाउदियोनोर, हा काय पांढरा?
बाबांनी कॉलर ताठ केली
आणि थाप दिली.